दांडा होता, दिवा होता. फोर-व्हील ड्राइव्ह मात्र नव्हती

गेल्या मार्चमध्ये मी गोव्यात बार्देशातल्या एका विक्रेत्याकडून 2001 सालची मारुतीची जिप्सी किंग ही जीप 3,85,000 रुपयांना विकत घेतली. सत्तरी तालुक्यात आमचे कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग आहे, पावसाळ्यात तिथली वाट साध्या गाडीला झेपत नाही, आणि निवृत्तीनंतर चोर्ला घाटापलीकडे आडवाटांनी भटकण्याचा बेत होता. जिप्सीचे उत्पादन बंद झाल्यामुळे चांगली गाडी पुन्हा हाती लागणार नाही, ही घाईही मनात होतीच.

गाडी दिसायला देखणी होती. दोन इंच उंच केलेली, रुंद टायर, छतावर कॅरियर, पुढे विंच (अडकलेली गाडी ओढायचा दोराचा रहाट) आणि बुलबार (बंपरवरचा लोखंडी कठडा). अशा बुलबारवर कारवाई करण्यास केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना सांगितले होते, हे मला ठाऊक होते. तरीही मी तो कौतुकाने न्याहाळला. विक्रेत्याने फोर-व्हील ड्राइव्हचा, म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या चाकांनाही देणारा, छोटा दांडा ओढला, डॅशबोर्डवर फोर-व्हीलचा दिवा लागला, आणि त्याने मला खाली वाकून पुढचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे पुढच्या अॅक्सलकडे ताकद नेणारी दांडी, फिरताना दाखवला. म्हणाला, "काका, आणखी काय पाहायचे राहिले?" मला काही सुचले नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कुळागराच्या उतारावर तांबड्या चिखलात मागची चाके जागच्या जागी गरगर फिरू लागली आणि पुढची दोन्ही ढिम्म उभी राहिली. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली. वाळपईच्या मिस्त्रीने पुढच्या चाकाच्या हबचे (मधल्या तुंब्याचे) बोल्ट काढून झाकण उघडले. तिथे अॅक्सलचे दातेरी टोक दिसायला हवे होते. प्रत्यक्षात ग्रीसने माखलेली रिकामी पोकळी होती. दुसऱ्या बाजूलाही तेच. दोन्ही हाफ-शाफ्ट, म्हणजे अॅक्सलच्या आतून प्रत्येक चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्या, आधीच काढून घेतलेले होते. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी), दिवा आणि प्रोपेलर शाफ्ट आपापले काम चोख करत होते, पण तिथून पुढे चाकापर्यंत ताकद नेणारे काहीच नव्हते. विक्रेत्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, की चिखलात तुम्हीच अॅक्सल तोडला असेल. तुटलेल्या अॅक्सलचे तुकडे आत राहतात. इथे तुकडा सोडाच, कचही नव्हता.

हे ओळखण्याची पद्धत मिस्त्रीने नंतर दाखवली. मागच्या चाकांना अटकाव लावून पुढची दोन्ही चाके जॅकवर उचलायची, हब लॉक करायचे (चाक अॅक्सलशी जोडायचे), दांडा फोर-व्हीलवर आणि गाडी गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद असताना एक चाक हाताने फिरवायचे; यंत्रणा शाबूत असेल तर दुसरे चाक उलट दिशेने फिरते. माझ्या गाडीची दोन चाके एकमेकांची ओळख नसल्यासारखी फिरत होती. या चाचणीला दहा मिनिटे लागतात, आणि विक्रेता ती करू देत नसेल तर तिथूनच परत फिरावे.

गाडी वर घेतलीच होती म्हणून चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडाही तपासला. मागच्या स्प्रिंगच्या पाट्या जिथे चेसिसला टांगतात त्या हँगरजवळ नवा काळा रंग होता. हातोडीने हलकेच ठोकल्यावर खणखणीत आवाजाऐवजी मऊ, बसका आवाज आला आणि भरलेल्या लांबीचा (पुट्टीचा) पापुद्रा निखळून पडला. आतला पत्रा बोटाने दाबला जात होता. समुद्राकाठी वापरलेल्या गाडीत पेटीच्या आकाराची चेसिस आतून गंजते, त्यामुळे वरून लावलेला रंग खरे तर इशाराच असतो. उंची वाढवण्यासाठी नुसते लांब शॅकल (स्प्रिंगच्या पाट्या चेसिसला जोडणारे दुवे) लावले होते. त्यामुळे पुढच्या अॅक्सलचा कोन बदलून साठच्या वेगाला गाडी रस्त्यावर भरकटायची, आणि ती टायरची खोड असेल असे मी तीन महिने समजत होतो.

इंजिन पुसल्यावर त्यावरचा क्रमांक आरसीतल्या क्रमांकाशी जुळला नाही. हस्तांतरणाची कागदपत्रे विक्रेत्याच्या एजंटने केली होती, मी फक्त सह्या केल्या. मूळ रचनेत असे बदल करण्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ची मर्यादा आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ती अधिक स्पष्ट केली. त्यामुळे अपघात झाला असता तर विमा कंपनीपुढे मी काय बोललो असतो, हा विचार आजही झोप उडवतो.

भंगारातून मिळालेले हाफ-शाफ्ट आणि चेसिसचे वेल्डिंग यांवर आतापर्यंत 74,000 रुपये गेले आहेत, आणि इंजिनच्या नोंदीसाठीचा अर्ज आरटीओत आहे. विंच आणि बुलबार उतरवून पडवीत ठेवले आहेत. ते परत घ्यायला विक्रेता तयार आहे, अर्ध्या किमतीला.