सियागंजातलं किलोवर मिळणारं हीटसिंक

घरी हॅम रेडिओचा (हौशी बिनतारी संचाचा) ॲम्प्लिफायर जोडायचा तर सर्किटं हवी तितकी मिळतात. घोडं अडतं ते ॲल्युमिनियमपाशी, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकपाशी. इंदुरात असाल तर सियागंजात भंगाराचा माल विकणारं एक दुकान आहे, पाटी नाही. जुन्या इन्व्हर्टरांतून निघालेली हीटसिंकं तिथे ढिगाने पडलेली असतात. भाव साडेतीनशे रुपये किलो. घासाघीस करायला गेलात तर ‘भिया, तौल के ले जाओ, बाकी बातें बाद में’ एवढंच ऐकायला मिळतं.

मी जाड बुडाचा तुकडा निवडला. काळा रंग पाहून भुलू नका, पंख्याच्या झोतात रंगाने फारसा फरक पडत नाही. घरून पोलादी पट्टी न्या, बुडावर उभी धरून खालून उजेड दिसतो का ते बघा. कापून देतात, पण कड ओबडधोबड येते. भोकं आपली आपणच पाडावीत.

आता माल कसा निघाला ते. माझ्याकडे आयआरएफ510 या मॉसफेट ट्रान्झिस्टरची जोडी 28 व्होल्टवर 50 वॉट देते आणि साधारण 45 वॉट उष्णतेत जातात. मे महिन्यात गच्चीवरच्या खोलीत 42 अंश होते. 12 व्होल्टचा पंखा लावून सलग कॅरियर (पूर्ण ताकदीचा अखंड सिग्नल) दिला, तर हीटसिंक 64 वर स्थिरावलं. या भावात उत्तम! पण खरी अडचण पुढे आहे. या मॉसफेटच्या आतच वॉटमागे साडेतीन अंश चढतात. म्हणजे प्रत्येकी साडेबावीस वॉटला 79 अंश, आणि त्याची धातूची पाठ (टॅब) ड्रेन या विजेच्या टोकाला जोडलेली असल्याने मध्ये वीज अडवणारं अभ्रक घालावं लागतं, त्याचे वीसेक. हीटसिंकचे 64 धरून बेरीज 165 च्या घरात, मर्यादा 175. कितीही मोठं हीटसिंक आणलं तरी ते 79 काही हटत नाहीत.

एसएसबीवर (आवाजाच्या प्रसारणात) बोलताना हे चालून जातं, कारण ताकद सतत पूर्ण नसते. एफटी8 (संगणकाने छोटे संदेश पाठवायची पद्धत) मात्र दर खेपेला 12.6 सेकंद पूर्ण ताकदीने चालतं. तिथे नुसता ड्राइव्ह (ॲम्प्लिफायरला दिला जाणारा सिग्नल) कमी करून उष्णता फारशी घटत नाही. मी वीजपुरवठा 28 वरून 20 व्होल्टवर आणतो, मग पॉवर आणि उष्णता दोन्ही जवळपास निम्म्या होतात.

दुकानाला पाचपैकी चार. एक गुण कापला तो करवतीसाठी. गाडी लांब लावा, गल्लीत हातगाड्यांतून वाट मिळत नाही.