सेलिब्रेशन लगेच, बिगफूट तीन वर्षांनी: हिवाळी बिअरबद्दल माझं मत

सिएरा नेवाडा या अमेरिकन बिअर कंपनीची ‘सेलिब्रेशन’ आमच्या न्यू जर्सीतल्या दुकानात दिवाळीच्या आगेमागे येते. लाल खोका, त्यावर बर्फातलं घर. चित्र बघून दालचिनी-जायफळाची अपेक्षा ठेवू नका, मसाला औषधालाही नाही. १९८१पासून या बिअरची खासियत एकच, त्या हंगामातले नवे हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीची फुलं. अल्कोहोल ६.८ टक्के, रंग तांबूस, वास पाइनचा आणि मोसंब्याच्या सालीचा. हिच्या कडवटपणापुढे भाजणीची चकली अशी खुलते की फराळाचा डबा माझ्या हातून सुटत नाही.

पण ही ठेवू नका. हॉप्सचा वास सगळ्यात आधी उडतो आणि मार्चपर्यंत उरलेली बाटली नुसती गोडसर लागते. काही हौशी मंडळी तीसुद्धा जुनी करतात आणि ‘कॅरमेल काय छान उतरलंय’ म्हणतात. उतरलं असेल. मला त्यासाठी ‘बिगफूट’ आहे.

तीही सिएरा नेवाडाचीच, १९८३पासूनची. प्रकार बार्लीवाइन, म्हणजे वाइनइतकी कडक बिअर. द्राक्षाचा काही संबंध नाही, पण अल्कोहोल ९.६ टक्के. वर्ष बाटलीवरच छापलेलं असतं, त्यामुळे हिशेब ठेवायला सोपं. ताजी बिगफूट म्हणजे आजीचा काढा, आवडणाऱ्यालाच आवडावा. वर्षभराने कडूपणाची धार बोथट होते. तिसऱ्या वर्षी खजूर, काकवी, जळकी साखर असं एकेक पुढे यायला लागतं. त्याहून फार जुनी झाली की शेरी या स्पॅनिश वाइनसारखी होते. तिचे चाहते वेगळे, मी त्यांतली नाही. म्हणून दर हिवाळ्यात एक सिक्स पॅक घ्यायचा, एक बाटली लगेच उघडायची आणि बाकीच्या दर संक्रांतीला एकेक. सोबत गुळाची पोळी. नवी आणि तीन वर्षांची अशा दोन बाटल्या शेजारी ठेवून प्यायल्या तर एकाच कृतीच्या आहेत यावर पाहुण्यांचा विश्वास बसत नाही.

बाटलीत हे होतं ते मुख्यतः आत राहिलेल्या जराशा ऑक्सिजनमुळे. हलक्या बिअरला तो ओल्या पुठ्ठ्याची चव आणतो. दणकट, माल्टने (मोड आणून वाळवलेल्या धान्याने) भरलेल्या बिअरमध्ये मात्र त्याच्यामुळेच मनुका आणि सुक्या अंजिराकडे झुकणारी चव येते. म्हणून आठ टक्क्यांच्या खालचं काही ठेवायच्या भानगडीत मी पडत नाही.

जागेचं फार अवडंबर नको. अंधार हवा, कारण उजेडाने हॉप्समधले घटक बिघडून बिअरला कुबट दर्प येतो. तापमान दहा ते तेरा अंश सेल्सिअस असेल तर उत्तमच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते सारखं वरखाली होऊ नये. आमच्या बेसमेंटमध्ये बॉयलरपासून लांबच्या भिंतीला एक कपाट आहे, तिथे काम भागतं. बाटल्या उभ्या ठेवायच्या, वाइनसारख्या आडव्या नाहीत. गाळ तळाशी बसतो. सासूबाई पुण्याहून आल्या की त्यांचे पापड-कुरडयाही त्याच कपाटात जातात. एकदा बाटलीवरचं २०१९ वाचून म्हणाल्या, ‘अगं, मुदत संपली की हिची! टाकून का देत नाहीस?’

ऑस्ट्रियातल्या एगेनबर्गची ‘सामिक्लाउस’ वर्षातून एकदाच, ६ डिसेंबरला गाळतात आणि दहा महिने मुरवूनच बाटलीत भरतात. अल्कोहोल १४ टक्के. तरीही नवी असताना मला ती सिरपासारखी गोडमिट्ट लागते. चार-पाच वर्षं विसरून जायची आणि मग एक बाटली चौघांत, जेवण झाल्यावर. बेल्जियमची ‘सेंट बर्नार्डस ख्रिसमस एल’ (१० टक्के) मला जास्त भरवशाची वाटते. बाटलीत यीस्ट जिवंत असतं, दोन-तीन वर्षांत चव गोलाईला येते. ओतताना तळाचं बोटभर मागे ठेवा.

पेनसिल्व्हेनियात हर्शीला बनणाऱ्या ‘मॅड एल्फ’वरून आमच्या मित्रमंडळात दरवर्षी वाद होतो. चेरी, मध आणि ११ टक्के अल्कोहोल, म्हणजे कागदावर ठेवण्याजोगीच. पण ठेवल्यावर चेरी मंदावते आणि मध तेवढा जड होत जातो. पहिल्याच हिवाळ्यात संपवा, तीही जेवून. रिकाम्या पोटी घेतलीत तर पुढची जबाबदारी तुमची.

राहिली सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकरची ‘ख्रिसमस एल’. १९७५पासून दरवर्षी लेबलवर नवं झाड काढायचे आणि कृतीही बदलायचे. २०२३मध्ये कंपनी बंद पडली. एखाद्या दुकानाच्या मागच्या फळीवर २०२२ची बाटली अजून सापडू शकते. लेबलं जमवत असाल तर खुशाल घ्या, पण मसाल्याचा वास एव्हाना विरलेला असणार, तेव्हा चवीसाठी जादा पैसे मोजू नका.