सोनेरी शिक्का आणि साठ किलोचा पेशंट

मिरजेच्या एका हॉस्पिटलात मुलाखतीला जाताना मी सर्टिफिकेट फ्रेमसकट पिशवीत घालून नेलं होतं. आता हे लिहिताना कानशिलं तापतात, पण नेलं होतं खरं. आईनेच हौसेनं फ्रेम करून आणलं होतं. काचेच्या आत सोनेरी शिक्का, कोपऱ्यात चमकणारा होलोग्राम आणि माझ्या नावाखाली ‘सर्टिफाइड क्लिनिकल डाएटिशियन’.

तिथल्या मुख्य डाएटिशियन बाईंनी फ्रेम हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि टेबलाच्या कडेला ठेवली. मग विचारलं, “साठ किलोचा पेशंट आहे. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. रोजचं प्रोटीन किती द्याल?”

हे मला येत होतं. म्हणजे, येतं असं वाटत होतं. “किडनीचा पेशंट, म्हणजे प्रोटीन कमी. पस्तीस-चाळीस ग्रॅम.”

“ते डायलिसिस लागायच्या आधी. लागल्यावर?”

मी गप्प.

“डायलिसिसमध्ये प्रोटीनची झीज होते. म्हणून तेव्हा वाढवायचं असतं. किलोमागे साधारण एक ते एक पॉइंट दोन ग्रॅम. म्हणजे या माणसाला साठ ते बहात्तर. तुम्ही निम्मं दिलंत. बरं, पालेभाजी कशी द्याल?”

“सूप करून.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “या पेशंटला पोटॅशियम जास्त चालत नाही, आणि ते पाण्यात उतरतं. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी ओतून द्यायचं. तू नेमकं तेच पाणी पेशंटला पाजतेयस.” इतका वेळ ‘तुम्ही’ म्हणत होत्या, इथं ‘तू’वर आल्या. रागावल्या नव्हत्या, कीव आली होती. ते जास्त लागलं.

आता मुळापासून सांगते. मी बी.कॉम. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका जिममध्ये रिसेप्शनला होते. तिथला ट्रेनर महिन्याला तीन हजार घेऊन प्रत्येकाला तोच डाएट चार्ट द्यायचा: सहा अंड्यांचं पांढरं, उकडलेलं चिकन, ओट्स. शाकाहाऱ्याला अंड्याच्या जागी पनीर. मला वाटायचं, हे तर मीही करू शकते, आणि नीट शिकून करू शकते. ही ‘नीट शिकून’ची हौसच मला महागात पडली.

२०२३ च्या दिवाळीनंतर मोबाइलवर जाहिरात दिसली, नाव-नंबर भरला आणि दहा मिनिटांत फोन आला. बोलणारा स्वतःला ‘ॲडमिशन काउन्सेलर’ म्हणवत होता. गोड आवाज, प्रत्येक वाक्याला ‘मॅडम’. कोर्सची फी एक लाख वीस हजार, पण मला ‘वर्किंग वुमन स्कॉलरशिप’ मिळून ६४,९०० रुपये. स्कॉलरशिप त्या रात्री बारापर्यंतच. मी विचारलं, “कोर्स मान्यताप्राप्त आहे ना?” तो म्हणाला, “शंभर टक्के मॅडम. आयएसओ ९००१ आहे, भारत सरकारकडे रजिस्टर्ड आहे, इंटरनॅशनल बोर्डाची ॲक्रेडिटेशन आहे.”

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हे मला नंतर कळलं. म्हणूनच तर हे लिहितेय.

आयएसओ ९००१ म्हणजे संस्थेच्या कारभाराची पद्धत ठरावीक साच्यात बसते, एवढंच. नटबोल्टच्या कारखान्यालाही ते मिळतं. आत काय शिकवतात, शिकवणारा कोण, याच्याशी त्याचा संबंध नाही. ‘इंटरनॅशनल बोर्डा’ची वेबसाइट मी मुलाखतीनंतर उघडली, पहिल्याच पानावर सभासद व्हायची फी डॉलरमध्ये छापलेली होती. आणि ‘भारत सरकारकडे रजिस्टर्ड’ म्हणजे उद्यम नोंदणी, छोट्या उद्योगधंद्यांची सरकारी ऑनलाइन नोंद. ही तर मी स्वतः, माझ्या या हातांनी, दाजींच्या पिठाच्या गिरणीची करून दिली होती. आधार आणि पॅन नंबर टाकायचा, माहिती भरायची, एक रुपया लागत नाही. अर्ध्या तासात दाजींची गिरणीही भारत सरकारकडे रजिस्टर्ड झाली होती! पण फोनवर तेच शब्द इंग्रजीत, रुबाबात ऐकले आणि माझं बी.कॉम. कुठं गेलं कुणास ठाऊक. मी ‘मान्यता आहे का’ विचारत राहिले. कुणाची आणि कशासाठी, हे विचारलंच नाही.

पैशांचा भाग जरा नीट वाचा. एकरकमी रक्कम माझ्याकडे नव्हती. काउन्सेलर म्हणाला, “नो कॉस्ट ईएमआय आहे, महिना ५,४०८ फक्त, बारा महिने.” त्याने एक लिंक पाठवली, मी पॅन टाकला, सेल्फी काढला, ओटीपी दिला. मला वाटलं, फी हप्त्यांनी भरायची सोय झाली. प्रत्यक्षात एका कर्ज देणाऱ्या कंपनीकडून माझ्या नावावर कर्ज निघालं होतं. संस्थेला तिचे पैसे एका दमात मिळाले आणि मी वेगळ्याच कंपनीची देणेकरी झाले. पुढे कोर्स सोडतो म्हटलं तरी हप्ता थांबत नाही; थांबवला तर सिबिल स्कोअर माझा पडतो, त्यांचा नाही. अशा कर्जाच्या करारात दंड न लागता माघार घ्यायची थोड्या दिवसांची मुदत लिहिलेली असते. माझ्याही होती. ती उलटून गेल्यावर वाचली.

कोर्स म्हणजे अडतीस व्हिडिओ. त्यातले बरेचसे किन्वा, ॲव्होकॅडो, केल यांच्यावर. आमच्याकडे येणारा माणूस ज्वारीची भाकरी, कांदा आणि रविवारी तांबडा-पांढरा खातो. त्याच्या ताटात काय कमी-जास्त करायचं, याचा अक्षरही नाही. एका भाकरीला पीठ किती लागतं, वाटी कुठल्या मापाची धरायची, हे कुणी सांगितलं नाही. प्रत्येक व्हिडिओनंतर प्रश्नमंजुषा. चुकलं की पुन्हा, हवं तितक्या वेळा. शेवटची परीक्षा मी मटार सोलत दिली. पन्नासपैकी एक्केचाळीस.

पेशंट? एकही नाही. हॉस्पिटलचा वॉर्ड तर लांबच.

मग पुण्यात एका हॉटेलच्या हॉलमध्ये दीक्षांत समारंभ झाला. गाऊन-टोपीचे वेगळे अडीच हजार. दीपप्रज्वलन झालं, आई रडली. त्या दिवशी शेजारी बसलेली मुलगी बीडहून आली होती, तिने मंगळसूत्र मोडून फी भरलेली. तिचा विचार अजून मनातून जात नाही.

‘प्लेसमेंट असिस्टन्स’ म्हणून तीन ठिकाणचे फोन आले. दोन ठिकाणी प्रोटीन पावडरचे डबे कमिशनवर विकायचे होते. तिसऱ्या ठिकाणी हाच कोर्स फोनवरून विकायचा होता. मी हे सोडून स्वतःच हॉस्पिटलांना अर्ज पाठवायला लागले आणि मिरजेहून बोलावणं आलं.

मुलाखत संपल्यावर बाईंनी मला घालवून दिलं नाही. चहा मागवला आणि एका पाठकोऱ्या कागदावर रस्ता लिहून दिला: आधी पोषण किंवा गृहविज्ञानाची पदवी, मग आहारशास्त्रातला पदव्युत्तर डिप्लोमा किंवा एम.एस्सी., मग हॉस्पिटलात इंटर्नशिप आणि त्यानंतर इंडियन डाएटेटिक असोसिएशनची, म्हणजे आयडीएची, ‘रजिस्टर्ड डाएटिशियन’ (आरडी) ही परीक्षा. ही संघटना १९६३ पासूनची. हॉस्पिटलवाले नावापुढे ‘आरडी’ आहे का, हे बघतात ते यामुळे. म्हणाल्या, “तुझ्या सर्टिफिकेटवर या परीक्षेला बसता येतं का, एवढंच त्या माणसाला विचारलं असतंस तरी पुरे होतं.” २०२१ मध्ये केंद्राने आरोग्यसेवेतल्या सहयोगी व्यवसायांसाठी कायदा केला, त्यात आहारतज्ज्ञही आले; नोंदवही आणि राज्यांच्या परिषदा यांची तरतूद त्यातच आहे, हेही त्यांच्याकडूनच कळलं. पुढे २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, पोषण आणि आहारशास्त्र दूरस्थ किंवा ऑनलाइन शिकवायला विद्यापीठांनाच मनाई केली. जिथे खऱ्या विद्यापीठांना हे घरबसल्या शिकवता येत नाही, तिथे अडतीस व्हिडिओंची काय कथा.

मिरजेच्या स्टँडवर कोल्हापूरच्या गाडीची वाट बघताना मला एकदम आमच्या वरच्या मजल्यावरचे काका आठवले आणि पोटात गोळा आला. त्यांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट चालतेय का हे सांगणारा रक्ततपासणीतला आकडा, थोडं वाढलेलं. महिनाभरापूर्वी मी त्यांना फुकट सल्ला दिला होता, कोर्समधल्या ‘डिटॉक्स’च्या व्हिडिओतला: सकाळी अनशापोटी शहाळ्याचं पाणी, वर पालक-काकडीचा रस. मघाशी बाई ज्याबद्दल बोलल्या ते पोटॅशियम दोन्हींत ठासून भरलेलं. किडनीला ते बाहेर टाकता आलं नाही, तर थेट हृदयाच्या ठोक्यांवर येतं.

तिथूनच काकींना फोन लावला. काकी हसायला लागल्या. “अगं, दोन दिवस प्याले कसंबसं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, हा चारा म्हशीला घाल, मला चहा टाक.”

काका चवीमुळे वाचले. माझं शिक्षण त्यात कुठेच नव्हतं. गाडीत बसून मी हमसून रडले. शेजारच्या आजींना वाटलं, माहेरी कुणी गेलं.

फी परत मागितली तेव्हा संस्थेचं उत्तर आलं: लॉगिन दिलं त्या दिवशी सेवा पूर्ण झाली, आणि ‘आय ॲग्री’वर टिक आपणच केली आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर संस्थेने एवढी दया दाखवली की दुसरा एक कोर्स मोफत देऊ केला. हप्ते तोवर फिटले होते, शेवटचे दोन तर जिमच्या पगारातून उचल घेऊन. तुमचं प्रकरण ताजं असेल तर फोनवर वाद घालत बसू नका. काउन्सेलरचं बोलणं, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आधी जपून ठेवा, आणि ‘मान्यता’ हा शब्द त्याच्याकडून ईमेलवर लिहून मागा. माझ्याकडे सगळं तोंडी होतं.

मी अजून जिममध्येच आहे. डाएटचं कुणी विचारलं तर डॉक्टरांकडे पाठवते. बी.कॉम.वरून मागच्या दाराने आत जाता येत नाही हे पटलंय; पहिल्यापासून पदवी करायची की नाही, ते अजून ठरत नाही. वय एकोणतीस, घरात एकटीचा पगार.

गेल्या महिन्यात त्याच संस्थेतून पुन्हा फोन आला. आवाज नवीन, ‘मॅडम’ तेच. जुन्या विद्यार्थ्यांसाठी किडनीच्या आहाराचा खास ॲडव्हान्स्ड डिप्लोमा निघालाय, निम्म्या किमतीत, आज रात्री बारापर्यंत.

मी विचारलं, “हा करून आयडीएच्या परीक्षेला बसता येतं का?”

तिकडे थोडा वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “बाहेरच्या परीक्षेची गरजच नाही मॅडम. आमची स्वतःची परीक्षा आहे.”