हळदीच्या पट्ट्या आणि फ्रीडॉस : एका हंगामाच्या वापरानंतर

सांगलीच्या मार्केट यार्डातील आमच्या अडत दुकानात शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाची पावती, आजही डॉस या विंडोजपूर्व काळातल्या संगणक प्रणालीवरच निघते. जुना संगणक निकामी झाल्यावर दुसऱ्या यंत्रावर फ्रीडॉस या डॉसच्या मुक्त पर्यायाची १.४ ही आवृत्ती घातली आणि हळदीचा पूर्ण हंगाम तिच्यावर काढला. मायक्रोसॉफ्ट आपली मूळ डॉस, म्हणजे एमएस-डॉस, गुंडाळणार असे दिसू लागल्यावर १९९४ मध्ये जिम हॉल यांनी हा मुक्त प्रकल्प सुरू केला, त्याची १.४ ही आवृत्ती २०२५ मधली आहे.

आजच्या ६४-बिट विंडोजवर आमच्यासारखे जुने १६-बिट प्रोग्राम थेट चालतच नाहीत. विंडोजमध्येच डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्सचा पर्याय आहे, पण तो मुळात खेळांसाठी घडवलेला असल्यामुळे छपाईच्या कामाला मला भरवशाचा वाटला नाही.

प्रणाली बसवणे सोपे आहे. खरी दगदग यंत्र निवडण्यात होते. फ्रीडॉसला जुन्या पद्धतीचे बायोस (संगणक सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) लागते आणि त्याच्या जागी केवळ यूईएफआय ही नवी पद्धत असलेल्या नव्या यंत्रांवर ती थेट सुरूच होत नाही. त्याहून मोठी अडचण प्रिंटरची. आमचा प्रोग्राम एलपीटी पोर्टशी, म्हणजे प्रिंटरच्या जुन्या पॅरलल जोडणीशी, थेट बोलतो, त्यामुळे यूएसबीला लावायची प्रिंटर केबल येथे निरुपयोगी ठरते, आणि वरून बसवायच्या पॅरलल कार्डांनाही अनेकदा डॉसला अपेक्षित असलेला पत्ता मिळत नाही. अखेर एलपीटीच्या पिना बोर्डावरच असलेला वापरलेला मदरबोर्ड शोधून घेतला.

प्रोग्राम टर्बो पास्कल या जुन्या प्रोग्रामिंग साधनात लिहिलेला असल्याने पहिल्याच वेळी ‘रनटाइम एरर २००’ असा संदेश देऊन बंद पडला. संदेशाचा अर्थ शून्याने भागाकार असा असला, तरी कुठेही शून्य नसते. सुरू होताना प्रोग्राम घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, किती फेऱ्या होतात ते मोजून भागाकार करतो. आजच्या प्रोसेसरवर तो आकडा इतका फुगतो की उत्तर १६ बिटांत मावत नाही. यावर तयार दुरुस्ती मिळते, मूळ सोर्स कोडची गरज पडत नाही.

त्यानंतर मात्र तक्रारीला जागा राहिली नाही. सौदे आटोपल्यावर गल्ल्यापाशी गर्दी होते, तेव्हा पोती, वजन, दर आणि हमाली-तोलाईची वजावट भरून एंटर दाबताच डॉट मॅट्रिक्सचे डोके हलू लागते व कार्बनसह तीन प्रती बाहेर येतात. मधेच अपडेट नाही, की प्रिंटर सापडत नसल्याची सूचना नाही.

काही पथ्ये पाळावी लागतात. पेन ड्राइव्ह संगणक सुरू करण्याआधीच लावावा लागतो. काम नसतानाही डॉस प्रोसेसरला पळवत ठेवते, म्हणून ‘एफडीएपीएम’ हा सोबतचा वीज वाचवणारा प्रोग्राम ऑटोएक्सेकमध्ये (संगणक सुरू होताच आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या फाइलमध्ये) घातला आणि पंख्याची घरघर थांबली. डॉसच्या फाइल साठवण्याच्या फॅट पद्धतीला वीज जाऊन अर्धवट राहिलेले लेखन सावरता येत नाही, त्यामुळे यूपीएस हवाच. जीएसटीची कामे अर्थातच शेजारच्या विंडोज यंत्रावर होतात.

खंत एकच आहे. पूर्वी सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या जिस्ट कार्डामुळे डॉसवर देवनागरी दिसत असे, पण ते कार्ड ज्या आयएसए या जुन्या प्रकारच्या खाचेत बसे, ती खाच आता बोर्डांवर नसते. त्यामुळे पट्टीवर शेतकऱ्याचे नाव इंग्रजी अक्षरांतच छापावे लागते.

नवे सॉफ्टवेअर घेण्याची तयारी असलेल्यांनी या वाटेला जाऊ नये. आमचा प्रोग्राम मात्र बिनचूक आहे, म्हणून एलपीटीच्या पिना असलेला आणखी एक बोर्ड आम्ही सुटा घेऊन ठेवला आहे.