गोल-चौकोन तुकडा कॅडवर: काही महिने वापरल्यावर

कॅड म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरचं रिन्यूअलचं बिल आलं, त्याच आठवड्यात सपोर्टवाल्यांशी वाजलं, म्हणून लिहायला बसलोय. अंबड एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशन आहे: डस्ट कलेक्टरचं डक्टिंग, हॉपर, ब्लोअरच्या जोडण्या. ब्लोअरचं तोंड चौकोनी आणि पुढचा पाइप गोल, त्यामुळे गोल-चौकोन तुकडा जवळजवळ प्रत्येक ऑर्डरमध्ये असतोच. शीट मेटल मॉड्यूलचे जादा पैसे त्याच्यासाठीच मोजले. कंपनीशी वाद अजून मिटलेला नाही, म्हणून नाव लिहीत नाही.

नवीन माणसाला आधी हेच सांगेन की साधा लॉफ्ट, म्हणजे दोन स्केचमध्ये पृष्ठभाग ताणणारी कमांड, मारू नका. स्क्रीनवर तो छान दिसतो, पण कोपऱ्यातला पृष्ठभाग पिळलेला निघतो आणि सपाट पत्र्यावर उलगडत नाही. पत्र्याला लॉफ्टेड बेंड ही शीट मेटलची कमांडच हवी. या तुकड्यात खरं तर चार सपाट त्रिकोण आणि चार कोपऱ्यांत शंकूचे भाग असतात, आणि उलगडतं तेच.

सुरुवातीला या कमांडचा फार राग यायचा. पूर्ण वर्तुळ घेतच नाही. दोन्ही स्केच एकाच बाजूला थोडं उघडं ठेवा, चौकोनाच्या कोपऱ्यांना बारीक रेडियस द्या, मगच पुढे जातं. आता माझं मत उलटं झालंय. ती फट म्हणजेच आपला सांधा, आणि तो कुठे येणार हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही हे चांगलंच आहे. सांधा सपाट त्रिकोणाच्या मधोमध घ्या. कोपऱ्यात घेतला तर वेल्डरला वाकलेल्या कडा जुळवत बसावं लागतं.

आता मुख्य तक्रार. कोपऱ्याचे किती भाग पाडायचे तो आकडा डिफॉल्टला ३ असतो. आमचं नेहमीचं माप घ्या, पत्र्याच्या मध्यरेषेवर: चौकोनाची बाजू ४००, गोलाचा व्यास ३००, उंची ३००, सगळं मिमीत. गोलाचा परिघ ९४२.५ मिमी हवा. कोपऱ्याला ३ भाग म्हणजे गोल बाजूला १२ सरळ तुकडे, त्यांची बेरीज ९३१.७. जवळजवळ ११ मिमी कमी! तो पत्रा गोल केला तर व्यास २९६.६ भरतो आणि ३०० च्या पाइपला सांधा बसत नाही. ६ भाग केले की बेरीज ९३९.८ होते, व्यासात एक मिमीपेक्षा कमी फरक, तेवढं वेल्डिंगमध्ये जातं. त्याची किंमत प्रेस ब्रेकवर, म्हणजे पत्रा वाकवायच्या मशीनवर, द्यावी लागते, कारण बेंडच्या रेषा १६ वरून २८ होतात.

ही किंमत मला मान्य आहे. आकडा टेम्प्लेटमध्ये सेव्ह होत नाही, हे मात्र अजिबात मान्य नाही. नवीन पार्ट उघडला की परत ३. परिघ कमी पडतोय अशी साधी सूचनाही येत नाही. फ्लॅट पॅटर्न, म्हणजे तुकड्याचा सपाट उलगडा, बिनचूक असल्यासारखा समोर येतो आणि त्याची डीएक्सएफ ही ड्रॉइंगची फाइल थेट लेझर कटिंगवाल्याकडे जाते. सपोर्टला विचारलं तर उत्तर, ‘सर, व्हॅल्यू मॅन्युअली चेंज करा.’ वर्षाला एवढे पैसे घेऊन हे उत्तर? माझ्याकडे काम करणारा मुलगा घाईत एकदा विसरला की एक शीट आणि लेझरचं भाडं दोन्ही माझ्या खिशातून जातं.

म्हणून आमच्याकडे प्रत्येक फ्लॅट पॅटर्न कटिंगला जाण्याआधी मार्किंगवाल्या मामांच्या हाताखालून जातो. ते कागदावर काटकोन काढतात: एका बाजूला प्लॅनमधलं अंतर, दुसऱ्या बाजूला उंची, आणि कर्ण म्हणजे खरी लांबी. वरच्या मापात चौकोनाच्या कोपऱ्यापासून सपाट त्रिकोणाच्या टोकापर्यंत प्लॅनमध्ये २०६.२, उंची ३००, खरी लांबी ३६४. सांध्याची कड ३०४.१. मग फक्त गोल बाजूचे तुकडे कॅल्क्युलेटरवर बेरजेला घेतात. चहा येईपर्यंत तपासणी होते. मामांना कॅड येत नाही, पण त्यांच्या सहीशिवाय मी डीएक्सएफ पाठवत नाही.

बाकी सॉफ्टवेअर चांगलं आहे. उंची किंवा सरक (एक तोंड दुसऱ्यापेक्षा बाजूला किती ते) बदलली की उलगडा लगेच बदलतो, आणि दोन तोंडं एका रेषेत नसतील तेव्हा हाताने दुपार जायची ते काम आता पटकन होतं. तेवढ्यासाठी रिन्यूअल करेन, पण एकाच सीटचं, म्हणजे एकाच लायसन्सचं. दुसरी सीट हा आकडा टेम्प्लेटमध्ये टिकेल तेव्हा, आणि तसं त्यांना लेखी कळवलंय.