गवंड्याच्या मुलीचं इंजिनिअरिंग: मंडळाची शिष्यवृत्ती की बँकेचं कर्ज?

कोल्हापुरात सेंट्रिंग, गवंडीकाम, फरशीकाम करणाऱ्यांच्या घरी बारावीचा निकाल लागला की पहिला विचार कर्जाचा होतो. मला हा क्रम उलटा वाटतो.

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी असेल, तर पहिल्या दोन मुलांना इंजिनिअरिंगच्या पदवीसाठी वर्षाला ६०,००० रुपये, वैद्यकीय पदवीसाठी १ लाख रुपये मिळतात. हे पैसे फेडायचे नसतात. अट एकच जड आहे: मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला. रोज वेगळ्या साइटवर जाणाऱ्याला तो मिळवणं अवघड, आणि इथंच बांधकाम कामगारांची संघटना खऱ्या कामाला येते. कागद कुठले, कुठं द्यायचे, हे तिथल्या जुन्या कार्यकर्त्यांना पाठ असतं. फक्त रक्कम हातात यायला वेळ लागतो आणि कॉलेज फीसाठी थांबत नाही.

बँकेचं शैक्षणिक कर्ज ती अडचण सोडवतं. साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही, पालक सहकर्जदार असतात, आणि हप्ते शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभरानं सुरू होतात. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं, आणि नोकरी लांबली तर ते रोजंदारीच्या घरावरच येतं.

म्हणून आधी मंडळाचा अर्ज, आणि उरेल तेवढंच कर्ज. नोंदणीचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं. प्रवेशाच्या धावपळीआधीच ते उरकून घ्या.