हीट पंप गीझर सोलापुरात परवडतो का? एक हिवाळा वापरून लिहितोय

जुळे सोलापूरला आमचं घर, खाली आम्ही पाच जण आणि वर कॉलेजची मुलं भाड्यानं, म्हणजे रोज सकाळी तेरा-चौदा आंघोळी. वर आधी गॅस गीझर होता. तो मला पोरांच्या बाथरूममध्ये नकोच होता, कार्बन मोनॉक्साईडला ना वास ना रंग, बंद बाथरूममध्ये साठला की माणूस आत बेशुद्ध पडतो आणि बाहेर कुणाला कळत पण नाही. म्हणून तो काढून सगळ्या घराला मिळून 300 लिटरचा हीट पंप बसवला.

हे मशीन साध्या गीझरसारखं आतल्या विजेच्या कॉइलनं पाणी तापवत नाही. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून टाकीतल्या पाण्याला देतं, वीज लागते ती कॉम्प्रेसर आणि पंख्याला, त्यामुळं एक युनिट विजेत साधारण तीन युनिटांएवढी उष्णता मिळते. हवा जेवढी गरम तेवढं मशीन चांगलं चालतं आणि गरम हवा सोलापूरला कधी कमी पडली का सांगा! माझा भाचा नॉर्वेत असतो, तिकडं निम्म्याहून जास्त घरांत हीट पंप आहेत, 2020 पासून घर तापवायला खनिज तेल जाळायला बंदीच आहे. पण त्यांना आख्खं घर गरम ठेवायचं असतं, आणि बाहेर उणे पंधरा झालं की ते तीनाचं दोनवर येतं, शिवाय बाहेरच्या मशीनवर बर्फ जमतो तो वितळवायला परत वीज. म्हणून तिकडं आधी भिंती-खिडक्यांतून जाणारी उष्णता अडवतात आणि मग मशीन ठरवतात, नाहीतर उगाच मोठं मशीन घ्यावं लागतं.

आता पैशाचं. रोज 300 लिटर पाणी 22 वरून 45 अंशावर न्यायला 8 युनिट उष्णता लागते, साधा गीझर 8 च्या वरच खाणार, हीट पंप पावणेतीनच्या आसपास. महिन्याला दीडशे युनिटचा फरक पडतो, आणि महावितरणचे स्लॅब 100, 300, 500 असे चढते असल्यामुळं वाचतात ती सगळ्यात महागडी वरची युनिटं. गॅसशी तुलना करायची तर 14.2 किलोच्या सिलिंडरमधून गीझरला जेमतेम दीडशे युनिटांएवढी उष्णता मिळते, तेवढीच हीट पंप 50 युनिट विजेत देतो. पण साधा विजेचा गीझर लावला तर त्याच कामाला दीडशेच्या वर युनिट जातात, म्हणजे गॅसवरून साध्या गीझरवर गेलात तर खर्च कमी नाही, वाढतो. हे दुकानात कुणीच सांगत नाही.

मशीन सव्वा लाखाच्या घरात पडलं. त्याच्यावर गरम पाण्याची सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारं प्लास्टिक) लाईन सगळ्या बाथरूमपर्यंत, तिच्यावर इन्सुलेशन, 16 अँपिअरची वेगळी लाईन, एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच), नवीन अर्थिंग आणि पाण्यातले क्षार काढणारा सॉफ्टनर, असे अजून तीस-पस्तीस हजार गेले. कोटेशनमध्ये ह्यातलं फक्त मशीन आणि फिटिंग होतं. इन्सुलेशनवर पैसे वाचवू नका, लांबच्या बाथरूममध्ये पाणी पोचेपर्यंत कोमट होतं आणि तेवढं पाणी वाया जातं, आपल्याकडं नळाला काही दिवसाआड पाणी येतं तिथं हे परवडत नाही. सॉफ्टनर पण बोअरच्या पाण्यासाठी पाहिजेच, नाहीतर क्षार बसून टाकीची वाट लागते, आणि टाकी गंजू नये म्हणून आत असतो तो मॅग्नेशियमचा रॉड वर्षातून एकदा उघडून बघायला सांगा.

डीलरनं मला एका गोष्टीचा लई राग आणला. मशीनमध्ये बॅकअपची साधी कॉइल पण असते, ती चालू ठेवूनच मशीन देऊन गेले, पहिलं बिल बघितलं तेव्हा मॅन्युअल काढून सेटिंग बदललं. फोन केला तर "असंच असतं साहेब". असंच नसतं! लाखाच्या वर पैसे घेता तर दहा मिनिटं उभं राहून मोड समजावून सांगायला काय हरकत आहे? सोलापूरच्या थंडीत कॉइलची गरजच पडली नाही.

आवाज एसीच्या बाहेरच्या युनिटएवढा, म्हणून बेडरूमच्या भिंतीला लावू नका. पाणी तापायला तीनेक तास घेतो त्यामुळं आम्ही टायमर दुपारी ठेवलाय, हवा गरम असते, वरच्या सोलर पॅनेलची वीज पण तेव्हाच असते, आणि टाकी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पाणी चांगलं गरम ठेवते. पंप थंड हवा बाहेर फेकतो आणि थोडं पाणी गळतं, त्याला पाईप काढून घ्या.

चार माणसांच्या घराला मात्र मी हा घ्या म्हणणार नाही. महिन्याला पन्नासेक युनिट वाचणार, आणि एप्रिल-मे मध्ये आपल्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आपोआप एवढं तापतं की गीझर लावायचाच नसतो, मग लाख रुपये वसूल कधी होणार? त्यांनी गच्ची मोकळी असेल तर सोलर वॉटर हीटर बघावा, नाहीतर फाईव्ह स्टार गीझर घेऊन थर्मोस्टॅट 50 वर ठेवावा. होस्टेल, लॉज, मोठं एकत्र कुटुंब, मंगल कार्यालय, ह्यांनी नक्की घ्यावा, आमच्या हिशोबानं पाच-सहा वर्षांत पैसे निघतात. मशीनला पाचपैकी साडेचार, डीलरला दोन. आणि कोटेशन घेताना पाईप, इन्सुलेशन, वायरिंग, अर्थिंग सगळं एका कागदावर लिहून मागा, सह्या झाल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.